मालक कोण, सल्ला कोणाचा?

सरकारी कामाच्या जागी पत्र्याचा फलक असतो. कामाचं नाव, अंदाजपत्रकीय रक्कम, कार्यारंभ आदेशाची तारीख, मुदत, दोषदायित्व कालावधी आणि ठेकेदार. पहिल्या पावसात रस्ता खचला की लोक त्या फलकाचा फोटो काढतात आणि ठेकेदार कंपनीच्या नावाने बोटं मोडतात. कंपनी कोणाची, ते फलकावर नसतं. रस्ता तिथूनच काढावा, एवढ्याच रुंदीचा करावा, त्याला एवढाच खर्च येईल, असा सल्ला देणाऱ्याचं नाव कधी असतं, कधी नसतं. त्याचा अहवाल कुठे वाचायला मिळेल, हे तर कुठेच लिहिलेलं नसतं.

म्हणजे काम दिसतं, रक्कम दिसते, पण पैसा शेवटी कोणाच्या खिशात गेला आणि निर्णय मुळात कोणाच्या डोक्यातून आला, हे दिसत नाही. ही दोन्ही नावं करदात्याला फुकट वाचता आली पाहिजेत, आणि न मागता वाचता आली पाहिजेत. सरकारी पैसा घेणाऱ्याला पडद्यामागे बसायचा हक्क नाही.

आधी मालकाचं बघू. कायदा नाही असं कोणी म्हणू नये. कंपनी कायद्याचं कलम 90 आहे, 2018 पासून लागू असलेले त्याचे नियम आहेत, आणि 2019 साली त्या नियमांत झालेली सुधारणा आहे. एखाद्या माणसाकडे थेट किंवा आडमार्गाने मिळून कंपनीचा 10 टक्के किंवा त्याहून जास्त हिस्सा असेल आणि त्यातला काही आडमार्गाने असेल, तर त्याने आपण खरे मालक आहोत हे कंपनीला कळवायचं, कंपनीने ते कंपनी निबंधकाला कळवायचं आणि स्वतःच्या दप्तरात नोंदवही ठेवायची. इथवर सगळं ठीक आहे. ती नोंदवही बघायची किती फी? जास्तीत जास्त 50 रुपये. बघू शकतो कोण? कंपनीचा सभासद. म्हणजे ज्याच्याकडे कंपनीचे शेअर आहेत, तो. ज्याच्या घरासमोरचा रस्ता कंपनीने खणलाय, त्याला त्या नोंदवहीचा हक्क नाही.

कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शुल्क भरून एकेका कंपनीचे कागद चाळता येतात. पण कंपनीचं नाव टाकलं आणि खऱ्या मालकाचं नाव समोर आलं, असा साधा, फुकट शोध तिथे नाही. माणसाचं नाव टाकून त्याच्या सगळ्या कंपन्या बघाव्यात, तर तीही सोय नाही. ज्याला वेळ आहे, पैसा आहे आणि ताळेबंद वाचता येतो, त्यानेच शोधावं. बाकीच्यांनी फलक वाचावा.

मालक दडवायचा कसा, हे काही गुपित नाही. एका कंपनीचे बहुतांश शेअर दुसरीकडे, दुसरीचे तिसरीकडे, तिसरीचे परदेशातल्या चौथीकडे आणि चौथी कुठल्याशा ट्रस्टच्या ताब्यात. प्रत्येक टप्प्यावरचा कागद कायदेशीर, शिक्के बरोबर, पत्तेही बरोबर. माणूस तेवढा सापडत नाही. मधल्या कंपन्यांचे संचालक म्हणून कारकुनाची, चालकाची, दूरच्या नातेवाइकाची नावं घातलेली असतात. सही करायची एवढंच त्यांचं काम.

यात आपलं काय जातं, असं ज्याला वाटेल त्याने निविदा प्रक्रियेकडे बघावं. तीन निविदा आल्या, सर्वांत कमी दराची मंजूर झाली, स्पर्धा झाली, असं टिपणीत लिहिलं जातं. तिन्ही कंपन्यांमागे एकच माणूस असेल, तर ती स्पर्धा नव्हती. ठेकेदारांच्या भाषेत याला ‘रिंग’ म्हणतात आणि हा शब्द प्रत्येक नगरपालिकेच्या बांधकाम विभागात ठाऊक आहे. एका कंपनीला काळ्या यादीत टाकलं की तोच मालक दुसऱ्या नावाने पुन्हा दारात उभा राहतो. नगरसेवकाचा पालिकेच्या ठेक्यात हितसंबंध असता कामा नये असं कायदा सांगतो, पण ठेक्यामागचा माणूसच नोंदीत नसेल तर हितसंबंध शोधायचा कुठे? अशा वेळी चौकशी समिती नेमली जाते आणि ती कागदावरच्या संचालकापर्यंत जाऊन थांबते.

राजकीय पक्षांना देणग्या देण्यासाठी काढलेल्या निवडणूक रोख्यांचं उदाहरण बघा. 15 फेब्रुवारी 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने ती योजना घटनाबाह्य ठरवली. 14 मार्चला निवडणूक आयोगाने देणगीदारांची यादी संकेतस्थळावर टाकली. रोखे घेणाऱ्यांत तिसऱ्या क्रमांकावर होती क्विक सप्लाय चेन प्रायव्हेट लिमिटेड. पत्ता नवी मुंबईचा, रोखे 410 कोटी रुपयांचे. बड्या उद्योगसमूहांना मागे टाकणाऱ्या या कंपनीचं नाव तोवर बहुतेकांनी ऐकलंही नव्हतं. पत्रकार संचालकांची नावं, पत्ते, जुने ताळेबंद जुळवत बसले. तिच्या संचालकांचं रिलायन्सशी नातं असल्याच्या बातम्या आल्या, आणि ती आपली उपकंपनी नाही असं रिलायन्सने सांगितलं. मग ती कोणाची, याचं उत्तर सरकारी नोंदवहीतून एका मिनिटात मिळायला हवं होतं. लोकशाहीतल्या पक्षांना शेकडो कोटी देणारा कोण, हे शोधायला देशभरातल्या बातमीदारांना रात्री जागवाव्या लागतात, ही शरमेची गोष्ट आहे.

सरकारला मालकाचं नाव विचारता येत नाही, हे खरं नाही. 23 जुलै 2020 ला केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या खर्च विभागाने आदेश काढला. भारताच्या सीमेला लागून असलेल्या देशांतल्या निविदाकारांनी आधी नोंदणी केल्याशिवाय सरकारी निविदा भरू नये. पळवाट नको म्हणून त्याच आदेशात लाभार्थी मालकाची व्याख्या घातली: कंपनीत 25 टक्क्यांहून जास्त हिस्सा असणारा. म्हणजे चीनच्या माणसाने मधे दुसरी कंपनी घातली तरी तो पकडला जावा, याची काळजी सरकारने घेतली. योग्यच केलं. मग हाच प्रश्न पुण्याच्या, नागपूरच्या, सुरतेच्या निविदाकाराला का नाही? सीमेपलीकडच्या मालकाचा धोका कळतो, तर वॉर्डातल्या मालकाचाही कळायला हवा.

दंड करता येत नाही, हेही खरं नाही. मे 2024 मध्ये दिल्लीच्या कंपनी निबंधकाने याच कलम 90 खाली लिंक्डइन इंडियाला दंड केला आणि लिंक्डइनची मालक असलेल्या मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला यांनाही 2 लाख रुपये ठोठावले. सगळ्यांचा मिळून दंड 27 लाखांच्या वर गेला. जगातल्या सर्वांत मोठ्या कंपन्यांपैकी एकीच्या प्रमुखापर्यंत निबंधकाचा हात पोहोचतो, तर जिल्ह्यातल्या ठेकेदारापर्यंत पोहोचायला काय हरकत आहे?

स्लोव्हाकिया हा पंचावन्न लाखांच्या आसपास लोकसंख्येचा देश. फेब्रुवारी 2017 पासून तिथे साधा नियम आहे: सरकारकडून ठरावीक रकमेच्या वर पैसा घ्यायचा असेल, तर खऱ्या मालकाचं नाव सार्वजनिक नोंदवहीत आधी घाला. नुसतं घालून भागत नाही. वकील, नोटरी, लेखापरीक्षक किंवा बँक अशा कोणीतरी ते तपासून द्यावं लागतं. पुढच्याच वर्षी या नोंदवहीने काम दाखवलं. शेजारच्या चेक प्रजासत्ताकाचे तेव्हाचे पंतप्रधान आंद्रेई बाबिश यांनी आपला अ‍ॅग्रोफर्ट समूह ट्रस्टकडे सोपवला होता, म्हणजे कागदोपत्री त्यांचा संबंध संपला होता. पण अ‍ॅग्रोफर्टच्या कंपन्या स्लोव्हाकियातही होत्या आणि तिथल्या नोंदवहीत लाभार्थी मालक म्हणून बाबिश यांचंच नाव होतं. ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनलच्या स्लोव्हाक शाखेने ते 2018 मध्ये चव्हाट्यावर आणलं. पुढे युरोपियन आयोगाच्या लेखापरीक्षणातही बाबिश यांच्या हितसंबंधांचा संघर्ष नोंदवला गेला. एका उघड्या नोंदवहीने परदेशाच्या पंतप्रधानाला उत्तर द्यायला लावलं. आपल्याला असं काही अशक्य वाटतं, कारण आपण मागितलेलंच नाही.

आता सल्लागार. सरकारने बाहेरचा सल्ला घेऊच नये, असं माझं म्हणणं नाही. उत्तम सल्ला बाहेरूनही येतो. मुंबईच्या पलीकडे खाडीपल्याड नवं शहर वसवावं, ही कल्पना 1965 साली चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी ‘मार्ग’ नियतकालिकात मांडली. स्वतःच्या नावाने मांडली, छापून मांडली. ज्याला पटली त्याने उचलून धरली, नाही पटली त्याने विरोध केला. 1970 मध्ये त्यासाठी सिडको स्थापन झाली आणि त्यांच्यातलेच लोक कामाला लागले. नवी मुंबईच्या आखणीवर आजही टीका होते, आणि टीका कोणावर करायची हे टीकाकारांना माहीत असतं. खरा सल्ला असा दिला जातो.

पन्नास वर्षांनी काय झालं ते पाहा. फेब्रुवारी 2015 मध्ये मुंबई महापालिकेने 2034 पर्यंतच्या विकास आराखड्याचा मसुदा जाहीर केला. तो खासगी सल्लागार कंपनीच्या मदतीने तयार झाला होता. चुका इतक्या निघाल्या की लोक आपापल्या गल्लीचा नकाशा हातात घेऊन वॉर्ड ऑफिसात गेले. उभ्या इमारतींवरून रस्ते काढलेले, वारसा वास्तूंच्या नोंदी गायब, देवळं आणि चर्च यांच्या जागी भलतंच काही. एप्रिलमध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी मसुदा बाजूला ठेवून दुरुस्ती करायला सांगितलं. सुधारित आराखडा मंजूर व्हायला 2018 उजाडलं. या शहराची तीन वर्षं गेली. महापालिकेला शिव्या पडल्या, अधिकाऱ्यांची धावपळ झाली, हजारो नागरिकांनी हरकती लिहिल्या. सल्लागाराला मात्र लोकांपुढे उत्तर द्यायचं बंधन नव्हतं. नगरसेवकाला लोक पाडू शकतात, अधिकाऱ्याची बदली होते. सल्लागार आपलं बिल घेतो आणि पुढच्या शहराकडे जातो.

सल्लागार चुकला तर नुकसान एकदाच होतं. तो दोन्हीकडून जेवत असेल तर नुकसान कायमचं. ऑस्ट्रेलियातलं प्रकरण प्रत्येक सचिवाने वाचावं. बहुराष्ट्रीय कंपन्या कर चुकवतात म्हणून तिथल्या सरकारने नवा कायदा करायचं ठरवलं आणि मसुद्यावर गुप्त चर्चेसाठी तज्ज्ञ बोलावले. त्यात पीडब्ल्यूसी या सल्लागार कंपनीचे भागीदार पीटर कॉलिन्स होते. त्यांनी गोपनीयतेच्या करारावर सह्या केल्या आणि मसुद्यातली माहिती आपल्या सहकाऱ्यांना दिली. त्या माहितीच्या जोरावर पीडब्ल्यूसी मोठ्या कंपन्यांकडे गेली: कायदा येतोय, त्यातून सुटायची वाट आम्ही दाखवतो. 2023 मध्ये संसदेच्या समितीमुळे त्यांच्या ई-मेलची 144 पानं उघड झाली. ऑस्ट्रेलियातल्या प्रमुखाला पद सोडावं लागलं आणि सरकारी सल्ल्याचा अख्खा व्यवसाय पीडब्ल्यूसीने एका डॉलरला विकला. कुंपणानेच शेत खाल्लं होतं, आणि शेताच्या मालकाला हे कळायला काही वर्षं लागली.

आपल्याकडे मालकी आणि सल्ला हे दोन्ही धागे एकाच ठिकाणी गुंतलेले पाहायचे असतील तर वांद्रे-कुर्ला संकुलातल्या आयएल अँड एफएसचा इतिहास बघावा. ही कंपनी राज्य सरकारांसोबत बसून पायाभूत प्रकल्प आखायची आणि तिच्याच समूहातल्या कंपन्या रस्ते बांधायच्या, चालवायच्या. राजस्थानात राज्य सरकारबरोबर प्रकल्प आखणाऱ्या पीडीकोरमध्ये ती भागीदार होती आणि रस्ते उभारणाऱ्या रिडकोरमध्येही. अशी व्यवस्था आपोआप बेकायदा ठरत नाही. पण योजना मांडणारा आणि ती बांधणारा एकाच घरातले असतील, तर ‘हा प्रकल्प नको’ असा सल्ला कोण देणार?

सप्टेंबर 2018 मध्ये हा समूह कोसळला. डोक्यावर 91 हजार कोटींच्या आसपास कर्ज. 1 ऑक्टोबरला सरकारने संचालक मंडळ काढून उदय कोटक यांच्या अध्यक्षतेखाली नवं नेमलं. नव्या मंडळाने पहिल्यांदा काय केलं? समूहात कंपन्या किती आहेत, ते मोजलं. आधी 169 धरल्या होत्या. निघाल्या साडेतीनशेच्या आसपास. सर्वांत मोठा भागधारक होतं आयुर्विमा महामंडळ, हिस्सा 25.34 टक्के. म्हणजे तुमच्या-माझ्या विम्याच्या हप्त्याचा पैसा ज्या समूहात होता, त्यात कंपन्या किती, हे समूह बुडाल्यावर मोजावं लागलं. भविष्यनिर्वाह निधीचा पैसाही त्यात अडकला. मालकीची साखळी उघडी नसली की आधी सामान्य माणूस बुडतो आणि मागून चौकशी येते.

यावर हरकती येतात, त्यांना उत्तर दिलं पाहिजे. पहिली हरकत खासगीपणाची. युरोपियन न्यायालयाने 22 नोव्हेंबर 2022 ला मालकीच्या नोंदवह्या सरसकट सर्वांना खुल्या ठेवण्याविरुद्ध निकाल दिला, कारण त्याने माणसाच्या खासगी आयुष्यात ढवळाढवळ होते. या मुद्द्यात तथ्य आहे. कोणाच्या घरचा पत्ता, फोन नंबर किंवा आधार क्रमांक मला नको. ब्रिटनमध्ये 2016 पासून कंपनीवर नियंत्रण असणाऱ्या माणसाचं नाव, जन्माचा महिना आणि साल, आणि हिस्सा कोणत्या टप्प्यातला, हे कोणीही फुकट बघू शकतो. राहत्या घरचा पत्ता सहसा दिला जात नाही. तेवढं पुरे. शिवाय मी प्रत्येक किराणा दुकानदाराच्या कंपनीबद्दल बोलत नाही. सरकारकडून ठेका, सवलत, जमीन किंवा सल्ल्याचा मोबदला घेणाऱ्यांबद्दल बोलतोय. ज्याला खासगी राहायचं आहे त्याने खुशाल राहावं, फक्त सार्वजनिक तिजोरीकडे येऊ नये.

दुसरी हरकत: नाव खोटं घातलं तर? ब्रिटनला हा अनुभव आला. सुरुवातीला तिथे कोणी तपासत नव्हतं, वाट्टेल ती नावं नोंदली गेली. शेवटी 2023 मध्ये कायदा बदलला आणि नोव्हेंबर 2025 पासून ओळख पटवणं टप्प्याटप्प्याने सक्तीचं झालं. म्हणून आपण सुरुवातच स्लोव्हाकियासारखी करावी: नाव देणारा आणि ते तपासून देणारा, दोघांची सही, दोघांवर जबाबदारी. नाव खोटं निघालं तर ठेका रद्द आणि पैसे परत.

तिसरी हरकत अधिकारी खासगीत सांगतात आणि तीच सर्वांत खरी आहे: आमच्याकडे माणसंच नाहीत. पदं रिकामी, नगररचनाकार अपुरे, संगणकतज्ज्ञ नाहीत, मग बाहेरचा सल्लागार घेतल्याशिवाय फाइल हलणार कशी? हे दुखणं खरं आहे, पण औषधानेच ते वाढतंय. सल्लागार येतो, काम शिकतो, निघून जातो. खात्यात शिकलेलं कोणी उरत नाही, म्हणून पुढच्या वेळी पुन्हा सल्लागार. ऑस्ट्रेलियाने मोजलं तेव्हा एका वर्षात बाहेरच्या मनुष्यबळावर 20.8 अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलर गेले होते आणि 54 हजारांच्या आसपास पूर्णवेळ माणसांचं काम बाहेरून होत होतं. महाराष्ट्राने निदान मोजावं. कोणत्या खात्यात किती सल्लागार, किती मोबदल्यावर, किती वर्षं, आणि त्याच कामाची किती पदं रिकामी. हा तक्ता अर्थसंकल्पासोबत विधिमंडळात ठेवायला कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही.

बाकीच्या मागण्याही अवाजवी नाहीत. राज्याच्या महाटेंडर्स या निविदा संकेतस्थळावर ठेका मंजूर झाल्याची नोंद येते, तिथेच ठेकेदार आणि उपठेकेदार यांच्या खऱ्या मालकांची नावं यावीत. सल्लागाराचा करार, मोबदला आणि अंतिम अहवाल खात्याच्या संकेतस्थळावर असावा. त्याच क्षेत्रात त्याचे खासगी अशील कोण, हे त्याने नेमणुकीआधी लिहून द्यावं आणि ते लोकांना दिसावं. ज्याने प्रकल्प आखला, त्याच्या समूहातल्या कोणालाही तो बांधण्याची निविदा भरता येऊ नये.

अहवाल गोपनीय आहे, व्यापारी गुपित आहे, असं सांगितलं जाईल. माहिती अधिकार कायद्याचं कलम 8(1)(घ) पुढे केलं जाईल. त्याच कायद्याचं कलम 4(1)(ग) कोणी वाचून दाखवत नाही. लोकांवर परिणाम करणारं महत्त्वाचं धोरण आखताना किंवा निर्णय जाहीर करताना त्यामागची सर्व संबंधित तथ्यं सरकारने स्वतःहून प्रसिद्ध करावीत, असं ते सांगतं. ज्या अहवालाच्या आधारावर निर्णय झाला, तो अहवाल तथ्यांत धरायचा नाही तर कशात धरायचा? आपल्या पैशाने विकत घेतलेला सल्ला आपल्यापासूनच लपवायचा, हे 2005 सालापासून कायद्याला मान्य नाही.

म्हणून सरकार स्वतःहून करेपर्यंत वाट बघू नका. आपल्या भागातलं एक काम निवडा, रस्ता, नाला, पूल, काहीही. महाराष्ट्रात माहितीच्या अर्जाला शुल्क 10 रुपये, शब्दमर्यादा दीडशे आणि एका अर्जात एकच विषय. तेव्हा अर्ज दोन करा. एकात ठेकेदार कंपनीच्या लाभार्थी मालकांबद्दल खात्याकडे काय माहिती आहे, ते विचारा. दुसऱ्यात सल्लागाराचा करार आणि अहवालाची प्रत मागा. माहिती उपलब्ध नाही असं उत्तर आलं, तर तेच उत्तर घेऊन नगरसेवकाकडे, आमदाराकडे जा आणि सभागृहात प्रश्न मांडायला लावा. ज्याचं नाव खात्यालाच माहीत नाही, त्याला आपले कोट्यवधी रुपये कोणत्या सहीने दिले, याचं उत्तर त्यांना द्यावंच लागेल.